डाक्टरचा आवाज कापत नसतो

माझा भाऊ श्रीपती टाकव्यात घरी येतो तेव्हा नळकोंडाळ्यापासूनच हाळी देतो. "रेणुका, मीच हाय. कायबी झालेलं न्हाई." घर अजून चाळीस पावलं लांब असतं. आत वैनी जे काही करत असेल ते थांबवते, आणि ती हाळी कानावर पडल्याशिवाय दाराकडं बघत नाही. दूध आणायला गेला तरी हेच, दाढी करून आला तरी हेच. गावातली पोरं त्याची नक्कल करतात. परवा तर एका बाईनं मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, तोंडावर विचारलं, "हिरा, तुझ्या भावाचं डोकं फिरलंय का गं?" मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण परंदवडीला माझ्या घरी आल्यावर वाटलं, एकदा कुणीतरी हे नीट सांगून टाकायला पाहिजे. दादा सांगायचा नाही. वैनी तर नाहीच नाही. राहिले मी.

दादाला तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिलंय. नाव आठवणार नाही, कारण त्याचं नाव कधी पडद्यावर आलंच नाही. ऑपरेशनच्या खोलीवरचा लाल दिवा विझतो, दार उघडतं, कानशिलाला पिकलेला एक डॉक्टर बाहेर येतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, "आम्ही शक्य ते सगळं केलं." की कॅमेरा लगेच रडणाऱ्या बाईवर. तो डॉक्टर म्हणजे आमचा दादा. मी मोजलं नाही, पण प्रज्ञेश म्हणायचा, बाबांनी तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त माणसं मारली. प्रज्ञेश म्हणजे दादा-वैनीचा एकुलता एक.

दादाची कंपनी बंद पडली तेव्हा तो लोणावळ्याला एका बंगल्याच्या देखरेखीवर लागला. तो बंगला शूटिंगला जायचा. एक दिवस वॉचमनचं काम करणारा माणूस आलाच नाही, म्हणून दादाला उभा केला. "दार उघडायचं आणि म्हणायचं, साहेब घरात नाहीत." दादानं विचारलं, "साहेब खरंच न्हाईत, का असून न्हाई म्हणायचंय?" दिग्दर्शकानं मान वर करून बघितलं आणि त्याचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं. तिथून सुरुवात.

प्रत्येक कामातून तो काहीतरी घेऊन घरी यायचा. मला ते फार डोक्यात जायचं, कारण मी दिवसभर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटून आलेली असायची आणि हा मला ज्ञान द्यायचा. हवालदार झाला, खाकी घालूनच टपरीवर चहाला गेला, तर एक म्हातारा बाकड्यावरनं उठून उभा राहिला. दादा त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "हिरा, आपला आबा पोलीस दिसला की रस्ता सोडून गटारीच्या कडंनं चालायचा. मला लय राग यायचा त्याचा. म्या उगीच राग केला." आबा, म्हणजे आमचा बाप, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

एकदा त्याला पाटील केला. फेटा बांधला, मोठ्या घरात झोपाळ्यावर बसवला. तसल्या घराच्या पायरीखाली आमचा आजा उभा राहायचा आणि भाकरी वरून पडायची. मला वाटलं दादा फुशारून येईल. मी आपली चिडवायला बसलेच होते, या पाटील, बसा पाटील. तर म्हणाला, "वरनं बघितलं ना, की माणसाचं तोंडच दिसत न्हाई. निस्तं टाळकं दिसतं." त्या दिवसापासून कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की तो आधी खाली बसतो, समोरच्याच्या डोळ्याला डोळा येईल असा.

दोनदा मढं झाला. तिरडीवर पडून राहायचं, पोटानं हळू श्वास घ्यायचा. म्हणाला, मढ्याभोवती उभी असलेली माणसं काय काय बोलतात ते ऐकायला पाहिजे, जेवणात काय आहे, गाडी कुणाची. "मढ्याला समदं ऐकू येतं गं," म्हणून हसला. आम्हीपण हसलो.

आणि डॉक्टर. डॉक्टरचं काम त्याला सगळ्यात जड गेलं. ज्या बंगल्यावर तो देखरेखीला होता त्याची मालकीण खरी डॉक्टर, पुण्याला मोठ्या दवाखान्यात. तिलाच त्यानं एकदा विचारलं, बाई, खरंच कसं सांगता हो तुम्ही? ती म्हणाली, उभं राहून सांगू नका. पहिल्याच वाक्यात 'गेला' म्हणा, नाहीतर माणूस उगाच आशेवर राहतो. गेलेल्याचं नाव घ्या, पेशंट म्हणू नका. आणि मग तोंड बंद ठेवा. मालिकेत बसून सांगायला कुणी दिलं नाही, तिथं 'शक्य ते सगळं'च म्हणावं लागायचं, पण घरी तो हे असंच घोकायचा.

घरी म्हणजे वैनीपुढं. रेणुका वैनी दहावी झालेली, पण तिची नजर अशी की खोटं निमिषात पकडणार. फोनवर सीन आला की ती समोरच्याची वाक्यं वाचायची आणि हा आपली म्हणायचा. एकदा दिग्दर्शक दादाला म्हणाला, तुम्ही सीन सुरू व्हायच्या आधीच डॉक्टर झालेले दिसता. वैनीनं उपाय काढला. "मला सांगून सुरू करायचं न्हाई. बाहेरनं यायचं आन् एकदम बोलायचं. मी असंल तिथनं जबाब देईन." झालं, मग घरात कधीही काहीही व्हायचं. वैनी भाकरी थापत असली तरी हा दारातनं येऊन समोर बसायचा, आणि ती पिठाचे हात छातीला लावून म्हणायची, "डाक्टर, माझा मालक कसा हाय वो?" प्रज्ञेश लोळायचा हसून. म्हणायचा, आपल्या घरात आठवड्याला एक माणूस मरतो.

एकच पथ्य होतं. सुरुवातीला एकदा दादानं भाव खरा यावा म्हणून मेलेल्याच्या जागी प्रज्ञेशचं नाव घेतलं. वैनीनं लाटणं फेकून मारलं. दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. तेव्हा ठरलं, घरातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. कधीच नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला मंगळवार. प्रज्ञेश तळेगावकडच्या कंपनीत पहिल्या पाळीला होता. पाळी सुटून मोटारसायकलवर घरी येत होता आणि कान्हे फाट्याच्या अलीकडं एका डंपरखाली गेला. तेवीस वर्षांचा. त्याच्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता, कारण दुपारीच त्यानं मला विचारलं होतं, आत्या, रविवारी येतेस ना. म्हणून दवाखान्यातून फोन मला आला आणि मीच आधी पोचले. मी पोचले तेव्हा तो गेलेला होता.

दादाला मी एवढंच कळवलं की प्रज्ञेशला लागलंय, ये. तो लोणावळ्याला शूटिंगवर होता, परत वॉचमनच झालेला. कपडे बदलायला थांबला नाही. दवाखान्याच्या फाटकात एका गाडीवाल्यानं त्याला बघून ओरडून म्हटलं, वॉचमन, जरा मागं घ्यायला बघा. मी वरच्या खिडकीतून बघत होते. माझ्या भावानं हात हलवत हलवत त्या माणसाची गाडी मागं घेऊन दिली, मग पळत जिना चढला. माझं तोंड बघितलं आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

आत प्रज्ञेशजवळ दवाखान्यातले दोन कामगार पाळी कुणाची संपली त्यावरून बोलत होते. त्यांची काही चूक नाही, त्यांचं रोजचं काम. दादा हळूच म्हणाला, "त्याच्यापाशी बोलू नका. त्याला ऐकू येतं." ते गप्प होऊन बाहेर गेले. दादा बराच वेळ पोराच्या केसांतली माती बोटानं काढत बसला. मग उठला आणि मला म्हणाला, "रेणुकाला फोनवर कळता कामा नये. गावात कुणाला सांगू नगं. मी सांगणार. मला येतं."

मला येतं म्हणाला.

प्रज्ञेशचा दोस्त सत्यम आम्हाला गाडीतून टाकव्याला घेऊन निघाला. माझ्या मांडीवर प्रज्ञेशची पाठीवरची सॅक होती. दादा पुढं बसलेला, त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं त्रिशरण म्हणतोय. नीट बघितलं तर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आवाज न काढता.

साडेपाच झाले असतील. वैनी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. दादाला त्या कपड्यांत बघून हसली. "आज वॉचमन व्हय? कपडे तसंच घालून आला? आन् परवाचा डाक्टरचा सीन आला का फोनवर?" गुरुवारी त्याला डॉक्टरचं काम करायचं होतं, तिनंच सकाळपासून दोनदा फोन करून विचारलं होतं. दादानं टोपी काढली. तिच्यासमोर जमिनीवर बसला, डोळ्याला डोळा येईल असा.

"पोरगा गेला," तो म्हणाला.

पहिल्या वाक्यात सांगितलं त्यानं, शिकला होता तसं. पण नाव त्याच्या तोंडातून निघालं नाही. त्या घरात ते नाव घ्यायचं नव्हतं ना.

वैनीनं सूप बाजूला ठेवलं, हात छातीला लावला आणि म्हणाली, "काय सांगताय डाक्टर? सकाळी तर माझ्याशी बोलून गेला वो." आणि थांबली. पुढच्या वाक्याची वाट बघत. ते आलं नाही तेव्हा ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं जमलंय आज. पर अवो, आवाज कापतोय तुमचा. डाक्टरचा आवाज कापत नसतो, त्येचं रोजचंच हाय. परत सांगा बघू."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या खांबाला धरून उभी होते. मी बोलायला पाहिजे होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्याच्यावर ते पुन्हा सांगायची वेळ आली नसती. मी एवढी तोंडाळ बाई, कॅन्टीनमध्ये सुपरवायझर मला वचकून असतात, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

दादानं परत सांगितलं. "पोरगा गेला." या वेळी आवाज हलला नाही. सरळ, सपाट, टीव्हीवर येतो तसा.

"आता बरोबर," वैनी म्हणाली. "आन् नाव? नाव घ्यायचं म्हणून तुमीच शिकिवलंय मला. नाव काय पेशंटचं?"

"प्रज्ञेश."

वैनी रागानं लाल झाली. सूप ढकललं, तांदूळ सगळ्या पडवीत गेले. "घरातलं नाव घ्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय का न्हाई मी तुमाला? किती वेळा सांगायचं?" आणि मग तिला मी दिसले. मी रविवारी येते. तो मंगळवार होता. माझ्या हातात त्याची सॅक होती.

ती उठली. तांदळावरनं चालत माझ्यापर्यंत आली, सॅक घेतली, त्यातून डबा काढला. तो तसाच हातात धरून तिनं मला विचारलं, "जेवला हुता का?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तिनंच झाकण काढलं. डबा रिकामा होता, तळाला चटणी लागलेली. ती खाली बसली तो डबा घेऊन आणि मग जे सुरू झालं ते मी सांगणार नाही, तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दे.

दादा रडला नाही. प्रज्ञेशला अग्नी दिला तेव्हा नाही, पुण्यानुमोदनाला नाही. आल्या-गेल्याला त्याच सपाट आवाजात सांगायचा, किती वाजता झालं, कुठं झालं, कधी नेणार. लोक म्हणाले, धीराचा माणूस. वैनी नुसती बघत राहायची त्याच्याकडं.

तिचा त्याच्यावरचा विश्वासच उडाला. दूध आणलं म्हणाला तरी पातेल्यात बघून खात्री करायची. आणि तो बाहेरून दारात आला की ती हातातलं सोडून त्याच्या तोंडाकडं बघायची, आता हा काय सांगतोय म्हणून. एकदा तो भिकाजीच्या दुकानात दाढी करून दारात उभा राहिला आणि ती चुलीपुढं तोल जाऊन पडली, हात भाजला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं लांबूनच हाळी द्यायला सुरुवात केली. हे आहे ते डोकं फिरणं.

पावसाळा संपल्यावर वैनी मला म्हणाली, "हिराताई, वर्षाचं झालं की मी सुदुंबऱ्याला भावाकडं जाणार. कायमची. मला ह्या माणसाचं तोंड वाचता येत न्हाई. ह्येला दुःख हाय का न्हाई तेच कळत न्हाई. त्या दिवशी मला त्यांनी डाक्टरवानी सांगितलं. बापावानी न्हाई सांगितलं." मी दादाची बाजू घेऊन भांडले. ती म्हणाली, तुमचा भाऊ हाय, तुमाला कळतंय, मला न्हाई. तिची पिशवी कपाटाखाली भरून ठेवलेली मी पाहिली.

दादाला शूटिंगवाल्यांचे फोन यायचे. तो म्हणाला, डॉक्टर सोडून काहीही द्या. तर जानेवारीत त्यांनी त्याला बाप दिला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभा असलेला बाप. डॉक्टर एक नवा देखणा पोरगा होता, त्यानं उभ्यानंच सांगितलं. दादानं फक्त भिंतीला टेकून खाली बसायचं, एवढंच लिहिलेलं. दादा खाली बसला आणि त्याच्या तोंडातून निघालं, "जेवला हुता का?" आणि तो रडायला लागला. कुणी थांबवलं नाही त्याला, कॅमेरा चालूच ठेवला. संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, "हिरा, मी रडलो आज." मला इतकं हायसं वाटलं की मी विचारलंच नाही, वैनीला सांगितलंस का म्हणून.

वर्षाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी टाकव्यात होते. वैनी लसूण सोलत होती. टीव्ही कुणी बघत नव्हतं, घरात आवाज असावा म्हणून चालू. दादा भिंतीला टेकून बसलेला. आणि तो सीन लागला. दादाचं तोंड पडद्यावर भरून आलं, असं कधी आलं नव्हतं. त्यानं विचारलं, जेवला हुता का.

वैनीनं उठून टीव्ही बंद केला.

"ते माझं हुतं," ती म्हणाली.

दादानं मान खाली घातली.

"माझं हुतं ते. ते तिकडं नेऊन दिलं तुमी. आन् तितं रडलात. चार परक्या माणसांम्होरं रडलात. ह्या घरात वरीसभर एक टिपूस न्हाई काढलं. हितं का न्हाई रडला? मी काय मेले हुते का हितं?"

मी मध्ये पडणार होते. पण दादा बोलला, त्याच सपाट आवाजात.

"तूच म्हणाली हुतीस."

"काय म्हणाले हुते मी?"

"आवाज कापतोय म्हणालीस. परत सांगा म्हणालीस. म्या धरला आवाज. लय जोर लावून धरला. मग तो सुटलाच न्हाई गं घरात. म्या लय बघितलं. तिकडं कोण आपलं नव्हतं, तितं सुटला."

वैनी उभीच राहिली. वर्षभरात तिला हे सुचलंच नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही नाही. त्या दिवशी पडवीत काय झालं ते आम्ही तिघांनी पाहिलं होतं, आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी धरून ठेवल्या होत्या.

मग ती खाली बसली. त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. लसणाची टरफलं तिच्या मांडीवरून खाली पडली.

"परत सांगा," ती म्हणाली.

दादानं मान हलवली, नको म्हणून.

"सांगा. कापू द्या आवाज. मी काय म्हणणार न्हाई."

दादानं हात तिच्या हाताकडं नेला आणि मध्येच जमिनीवर टेकला. "रेणुका," तो म्हणाला. "आपला प्रज्ञेश..." आणि पुढचा शब्द इतका कापला, इतका मोडला, की मला तो ऐकूच आला नाही.

वैनीला आला.

"व्हय," ती म्हणाली.